चौगुले मॅडमचं तांबं

"नमस्कार, मी गाडेकर, खरेदी विभाग," असं मी चौगुले मॅडमना पहिल्या दिवशी म्हणालो, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कशावरून?"

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. गळ्यातलं ओळखपत्र पालथं पडलं होतं, ते मी सुलटं करून दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत केस जास्त आहेत," एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या. अपमानच की हो! बार्शीहून पोटासाठी आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणी असं म्हणतं का?

पुढे कळलं की हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. कोणी म्हणालं, "मॅडम, बाहेर पाऊस थांबलाय," तरी त्या खिडकीशी जाऊन हात बाहेर काढून बघायच्या. वाढदिवसाचा केक आला तर तारीख विचारायच्या. पाठीमागे सगळे त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक होतं. उंचीनं बेताच्या, सुती साडी, पायात पुरुषी सँडल, चष्म्याला काळी दोरी. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञ, मूळच्या गडहिंग्लजकडच्या. बोलणं हळू, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याला आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लावणारं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे पुण्याजवळ, भरे आणि घोटावडे या गावांच्या मधली एक पत्र्याची शेड. बाहेरून बघाल तर गोदाम वाटेल. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला बबनरावांची भाताची खाचरं. शेडची जागाही मूळची बबनरावांचीच. जागा विकली, उरलेल्यात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आणि स्वतः कंपनीला गाडी लावून तिच्यावर ड्रायव्हर झाले. मॅडम त्यांच्याच एका खोलीत राहायच्या. म्हणजे सकाळी बबनराव घरमालक आणि अर्ध्या तासानं ड्रायव्हर.

आत काय चालतं हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. खरेदीतल्या माणसाला ते कळायची गरजही नसते. माल आला, बिल जुळलं, संपलं. पण न समजता केलेली सही मॅडमना खपायची नाही. एकदा हिंजवडीला एका व्याख्यानाला जाताना आम्ही वाटेत अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, समोरूनही गाड्याच. तिथे बाईंनी माझी शिकवणी घेतली.

"गाडेकर, समजा तुम्ही या रस्त्याच्या कडेला मोजायला बसलात. इकडून हिंजवडीला जितकी माणसं गेली, तितकीच तिकडून पिरंगुटच्या कारखान्यांकडे आली. वजाबाकी केली तर?"

"शून्य."

"म्हणजे रस्त्यावरून काहीच वाहिलं नाही?"

बबनरावांनी आरशातून बघितलं. "काईच वाहत न्हाई? मंग मी मघापस्नं हितं काय भजी तळतोय व्हय?"

"बरोबर बोलताय, बबनराव. जाणारे कोण? गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असलेले. येणारे कोण? हातात डबा असलेले. माणसांची एकूण संख्या दोन्हीकडे तेवढीच राहिली, पण तिकडे पट्टेवाले वाढले आणि इकडे डबेवाले. धातूत असंच होतं. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो. तो एक तर वर, नाही तर खाली. असे दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन. चुंबकाच्या धातूत एका प्रकाराची पातळी चढवता येते, दुसऱ्याची खाली राहते. शेजारी साधा धातू चिकटवला, की एका प्रकारचे तिकडे जातात आणि दुसऱ्या प्रकारचे तेवढेच इकडे येतात. विजेचा मीटर म्हणतो शून्य. पण स्पिन वाहिलाय."

"पातळी कसली?"

"पुस्तकात तिला रासायनिक विभव म्हणतात. गर्दीचा रेटा समजा. दोन्ही प्रकारांचा रेटा सारखा असला तर काही हलत नाही. फरक पडला की वाहायला लागतं, आणि फरक मिटेपर्यंत वाहत राहतं."

"पण मॅडम, मीटरला दिसत नाही, तर ते आहे हे कशावरून?"

हे मी सहज बोलून गेलो. पण बाईंनी वळून माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की मला कसंतरीच झालं. "आज पहिल्यांदा तुम्ही कामाचं बोललात," म्हणाल्या. मग सांगितलं: शेजारचा तो साधा धातू प्लॅटिनम घ्यायचा. त्यात स्पिन शिरला की तो आडवा, इवलासा व्होल्टेज देतो. पण तसलाच इवलासा व्होल्टेज चुंबकाचा धातू जरा तापला तरी येतो. मग खरा कुठला आणि खोटा कुठला? "तांबं लावायचं. शुद्ध तांब्याला स्पिन जवळजवळ कळत नाही. प्लॅटिनम काढून तांबं लावलं आणि तरी व्होल्टेज आला, तर तो उष्णतेचा, खोटा. तांबं गप्प राहिलं, तर प्लॅटिनम खरं बोलतंय."

आमच्याकडची रीत तीच होती. कोणाचाही आलेख कितीही सुंदर असो, मॅडम तो बघायच्याच नाहीत. उलटा करून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तांबं काय म्हणतंय?"

संशय घ्यायची त्यांची हौस मात्र तांब्यापुरती नव्हती. मध्यंतरी एक यंत्र रोज दुपारी उगाच उसळी मारायला लागलं. सगळ्यांनी शेजारच्या कारखान्याला शिव्या घातल्या. तिथे ठोकाठोक चालते, जमीन हादरते, त्याचंच असणार. बाई म्हणाल्या, "कशावरून?" आणि भर उन्हात छत्री घेऊन शेडच्या मागे स्टूल टाकून बसल्या. आत सुहास म्हणून आमचा संशोधक यंत्रावर नजर ठेवून होता. सावलीला भिंतीलगत बबनरावांची गाडी उभी होती आणि बबनराव आत झोपले होते. मॅडमनी काचेवर टकटक केली.

"बबनराव, गाडी पुढे घ्या."

घेतली.

"आता मागे."

घेतली.

"परत पुढे."

"मॅडम, कुटं जायाचंय त्ये तरी सांगा. निस्तं म्होरं-मागं करून गाडीला यड लागंल!"

तेवढ्यात आतून सुहास ओरडला, "हलला! आकडा हलला!" एवढं मोठं लोखंडी धूड भिंतीला येऊन चिकटलं, की आतलं चुंबकीय क्षेत्र जरासं ढळायचं. संध्याकाळी मॅडमनी स्वतः चुन्याची रेघ मारली, आणि गाडीनं तिच्या अलीकडे यायचं नाही असं ठरलं. बबनरावांची सावली गेली. ते महिनाभर कुरकुरत होते, पण पाहुणे आले की छाती काढून सांगायचे, "ह्येंचं मशीन माज्या गाडीनं हलवलं हुतं. लई पॉवर हाय गाडीत."

घरीही तीच तऱ्हा. बबनरावांच्या घरच्या म्हशीचं दूध मॅडमकडे यायचं. बाईंनी एक दिवस दुधाचा मापक आणला, दुधात बुडवला आणि जाहीर केलं की पाणी आहे. बबनरावांची बायको शांताबाई म्हणजे तोंडाची तोफ. "म्हस दारात बांदली हाय. उद्या पिळताना म्होरं येऊन बसा," म्हणाली. मॅडम खरंच पाटावर जाऊन बसल्या! डोळ्यांत तेल घालून धार बघितली, तिथल्या तिथे मापक बुडवला. तरी पाणीच. शांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता म्हशीनंच पानी घातलं म्हना."

दुसऱ्या दिवशी मॅडम सकाळीच त्यांच्या ओट्यावर हजर. "शांताबाई, चूक माझी. धारोष्ण दूध गरम असतं, आणि गरम दुधात हा मापक कमी दाखवतो. थंड करून बघितलं. तुमच्या दुधात पाणी नाही."

"मला काय सांगताय? म्हशीला सांगा. राग तिला आलाय."

आणि काय सांगू, बाई गोठ्यात गेल्या. म्हशीसमोर उभं राहून हात जोडले की नाही ते मला माहीत नाही, शांताबाई दर वेळी वेगळं सांगते. पण गेल्या हे नक्की. ज्याच्यावर उगाच आळ घेतला, त्याच्या समोर जाऊन चूक सांगायची हा त्यांचा नेम होता. फोन नाही, निरोप नाही, स्वतः जायचं.

आता जिच्यापायी मी हे सगळं लिहितोय, त्या बाटलीकडे येतो.

प्रयोगशाळेला लागणारी प्रत्येक वस्तू माझ्या हातून यायची. प्लॅटिनम, कोबाल्ट, हातमोजे, चिमटे, चहापत्तीसुद्धा. फक्त तांबं मी कधी मागवलं नव्हतं. तांबं मॅडमच्या खणात असायचं, कुलपात. तपकिरी काचेची बुटकी बाटली, आत हरभऱ्याएवढे चकचकीत दाणे, आणि वर पिवळ्या पडलेल्या कागदावर शाईनं लिहिलेला एकच शब्द: शुद्ध. अक्षर इनामदार सरांचं. हे मॅडमचे गुरू. मॅडमनी पीएचडी त्यांच्याकडे केली आणि निघताना सरांनी ही बाटली हातात ठेवली. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. कातळासारखी ही बाई ती बाटली काढताना मात्र पदराला हात पुसायची.

एकदा मी चहा पिता पिता म्हणालो, "मॅडम, सगळ्यांना विचारता, मग मी पण विचारतो. हे तांबं शुद्ध आहे, कशावरून?"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "सरांनी दिलंय," म्हणाल्या. कप ठेवला आणि उठून गेल्या. मी मनात म्हटलं, वा! आमच्या पावतीवर दोनदा शिक्का, आणि इथे नुसतं 'सरांनी दिलंय'!

त्या तांब्यानं पहिला बळी घेतला तो सुहासचा. कामाला वाघ. दीड-दोन वर्षं खपून त्यानं एक आलेख आणला. व्होल्टेज सुरेख वर चढत गेलेला, टेकडीसारखा. मॅडमनी रीतीप्रमाणे तांबं लावायला सांगितलं. तांब्यातही व्होल्टेज आला. फक्त उलटा, टेकडीच्या जागी खड्डा. सुहास म्हणाला, "मॅडम, उलटा का आला ते बघू या."

"तारा उलट लागल्या असतील. तांबड्याच्या जागी काळी. तांबं बोललं, विषय संपला."

तारा उलट लागणं ही आमच्याकडे रोजचीच भानगड होती, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. सुहासनं पुन्हा मापायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. वरून कुजबुज सुरू झाली की पोरानं आकडे वाकवले असणार. थोड्याच दिवसांत त्यानं राजीनामा दिला आणि हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटला. मधून मधून सिग्नलला दिसायचा, कंपनीच्या गाडीत, कानात इयरफोन. मला पाहून मान वळवायचा.

खरं सांगू? तेव्हापासून माझ्या मनात मॅडमबद्दलच पाल चुकचुकायला लागली. स्वतःच्या नावावर मोठं काही नाही म्हणून ही बाई दुसऱ्याचं होऊ देत नाही, असं काही जण बोलायचे. मी बोलायचो नाही, पण ऐकताना नाहीही म्हणायचो नाही.

मग सुहासच्या जागी रेश्मा वाघमारे आली. नांदेडची. हसरी, बडबडी, डब्यातली शेंगाचटणी सगळ्यांना वाटणारी. तिनं सुहासचंच काम पुढे नेलं आणि एक दिवस तिचाही आलेख आला, पहिल्यापेक्षा देखणा. साहेब खूश. साहेब म्हणजे आमचे संचालक. त्यांना बाहेरच्या मंडळींना दाखवायला काहीतरी हवंच होतं. रेश्माचा करार संपत आलेला. हा आलेख टिकला तर ती राहणार, नाहीतर सुहासच्या वाटेनं जाणार. हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मॅडमनी आलेख पालथा घातला. "तांबं काय म्हणतंय?"

तांबं बोललं. पुन्हा उलटं.

"तारा उलट लावल्यास," मॅडम म्हणाल्या. "आणि तारा सरळ केल्या तरी व्होल्टेज आहेच. म्हणजे खोटा."

"मॅडम, मी तारा उलट लावल्या नाहीत."

"मग कोणी लावल्या?"

हा प्रश्न त्यांनी साध्या सुरात विचारला होता. पण तो शेडभर पसरला. कोणी लावल्या? साहेबांना वाटलं, कोणीतरी मुद्दाम करतंय. छतावर कॅमेरा आला. नमुन्यांच्या डब्यांना सहीच्या चिकटपट्ट्या लागल्या. चहाला जाताना लोक आपापलं टेबल वळून वळून बघायला लागले. झाडणाऱ्या मावशींना तर साहेबांनी उभं करून विचारलं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आमी वायरला हात लावत न्हाई, साहेब. शॉक बसंल न्हवं." आणि रेश्माच्या शेंगाचटणीकडे कोणाचा हात जाईना. ती एकटी कोपऱ्यात बसून डबा खायची. बडबड थांबली. मीसुद्धा तिच्या मागण्यांचे कागद जरा जास्तच निरखून बघायला लागलो होतो. संशय असा हातापायाला लागतो.

एका दुपारी रेश्मानं सगळ्यांना यंत्राच्या खोलीत बोलावलं. चेहरा पांढराफटक, पण आवाज ठाम. तांबडी आणि काळी तार तिनं मॅडमपुढे धरली.

"तुम्ही लावा."

मॅडमनी चष्मा पुसला. तारा दोनदा तपासल्या, कुठली कुठे जाते ते बोटानं माग काढत पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं प्लॅटिनमच्या नमुन्याला जोडल्या. पडद्यावर टेकडी. मग त्याच तारा, त्याच क्रमानं, तांब्याच्या नमुन्याला. पडद्यावर खड्डा.

रेश्मा म्हणाली, "उष्णतेचा खोटा व्होल्टेज खालच्या चुंबकाच्या धातूत तयार होतो, मॅडम. तुम्हीच शिकवलंय. मग वर प्लॅटिनम असो नाहीतर तांबं, त्याची दिशा एकच राहायला हवी. इथे दिशाच फिरली. म्हणजे हा उष्णतेचा नाही. म्हणजे…"

तिला पुढचं म्हणवेना. कारण पुढचं म्हणजे त्या बाटलीवर बोट ठेवणं होतं.

ते मॅडमनीच म्हटलं, अगदी हळू. "म्हणजे या तांब्याला स्पिन कळतोय."

त्यांनी तारा सोडवल्या, गुंडाळून जागेवर ठेवल्या आणि बाहेर जाऊन चुन्याच्या रेघेपलीकडे उभ्या असलेल्या गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी बबनराव मला म्हणाले, "काय झालंया वो बाईंना? वाटंत येक शब्द न्हाई. दूद पन तसंच ऱ्हायलं."

त्याच दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात ती बाटली. "गाडेकर, तांबं मागवा. दोन वेगळ्या ठिकाणांहून. आणि यातले दोन दाणे तपासणीला पाठवा."

मी बाटलीला हात लावायला कचरलो. "घ्या," म्हणाल्या, "काही होत नाही आता."

अहवाल आला. तांब्यात बिस्मथचा अंश होता. म्हणायला कणभर, पण बिस्मथ जड धातू. एवढासा मिसळला तरी तांब्याला स्पिन कळायला लागतो, आणि तोही प्लॅटिनमच्या उलट दिशेनं. सगळं जुळलं. मग नवीन तांबं लावलं. आलेख सपाट. दुसऱ्या ठिकाणचं लावलं. सपाट. "पुन्हा लाव," मॅडम दर वेळी म्हणायच्या, आणि रेश्मा पुन्हा लावायची. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "बास."

सोमवारच्या बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. एरवी बसून बोलायच्या. "तारा कोणीही उलट लावल्या नव्हत्या. तांबं माझं होतं आणि ते अशुद्ध होतं. रेश्माचा आलेख खरा आहे. सुहासचाही खरा होता."

साहेब म्हणाले, "सुहास कोण?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या रेश्माकडे वळल्या. रेश्मा एकदम बोलली. आम्हाला वाटलं होतं ती खूश होईल. "किती दिवस मी इथे एकटी बसून जेवलेय, मॅडम. घरी आई विचारायची काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता." बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "ते मला परत देता येणार नाही." त्यांचेही डोळे भरले होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, दोघींसाठीही.

रेश्माचा करार वाढला. मॅडमनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. साहेबांनी थांबवून पाहिलं, रेश्मानंही पाहिलं. पण बाईंनी ठरवलं होतं. कोल्हापूरला बहिणीकडे जायचं. निघायच्या दिवशी शांताबाईनं घरच्या तांदळाची पिशवी आणि वाटेत खायला भाकरी बांधून दिली. मॅडमनी पिशवीत हात घालून चार दाणे बघितलेच. "इंद्रायणी हाय," शांताबाई म्हणाली, "आन् कशावरनं इचारलंत तर बगा!" दोघी हसल्या. मग शांताबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

वाकडला कोल्हापूरची बस होती. पोचवायला मी बरोबर होतो. गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "बबनराव, हिंजवडीवरून घ्या. सुहासच्या कंपनीशी थांबायचंय."

"मॅडम, फोन करा ना त्याला," मी म्हणालो. "त्या गर्दीत कशाला?"

"आळ घेतला होता तो समोर. सांगायचं पण समोर."

वाटेत मी न विचारताच बोलायला लागल्या. "सरांकडे धातू वितळवायचं एकच भांडं होतं, गाडेकर. त्यात आधी बिस्मथ वितळवलेलं. नंतर तांब्याचे दाणे करायचे होते. भांडं मी घासलं. सरांनी विचारलं, 'स्वच्छ आहे ना?' मी म्हणाले, हो." बाहेर बघत राहिल्या. "त्यांनी 'कशावरून?' असं विचारलं नाही हो. एवढा विश्वास होता त्यांचा माझ्यावर."

बबनरावांनी त्या गर्दीतही हॉर्न वाजवला नाही.

हिंजवडीच्या त्या कंपनीच्या फाटकाशी दुपारची गर्दी होती. गळ्यात पट्टे, हातात कॉफीचे कागदी पेले. सुरक्षारक्षकानं मॅडमना अडवलं. "किससे मिलना है, मैडम? आईडी दिखाइए।" दुसरी कोणी बाई चिडली असती. मॅडमनी मोठ्या समाधानानं ओळखपत्र काढून दिलं आणि त्यानं फोटो नीट पडताळेपर्यंत चेहरा स्थिर धरून उभ्या राहिल्या.

सुहास बाहेर आला. अंगानं जरा सुटलेला. मला बघून कपाळाला आठ्या, मॅडमना बघून आणखी आठ्या. नमस्कारही केला नाही.

मॅडम म्हणाल्या, "सुहास, तुझा आलेख खरा होता. माझं तांबं खोटं होतं."

शेजारून माणसं ये-जा करत होती. आता हा बाईंना काय काय बोलेल कोण जाणे, आणि बोलला तर त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नव्हतं.

"कशावरून?" सुहास म्हणाला.

टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

मॅडमनी लगबगीनं खांद्यावरची पिशवी उघडली, शांताबाईची भाकरी माझ्या हातात दिली आणि तळाशी ठेवलेले आलेखांचे कागद काढले. तेवढ्यात मागून शिट्ट्या सुरू झाल्या. बबनरावांनी काच खाली केली. "मॅडम, हितं थांबू देत न्हाईत. बसा बिगी बिगी."

"तुम्ही जा. बॅग उतरवा माझी. सुहास सोडेल मला वाकडला."

"त्यो सोडंल, कशावरनं?" बबनराव म्हणाले.

"बघते विचारून," म्हणाल्या, पण लक्ष कागदात होतं.

बॅग उतरवून आम्ही निघालो. भाकरी माझ्या हातातच राहिली. ती द्यायला पुढून वळून परत येईपर्यंत इतका वेळ गेला की फाटकाशी दोघंही नव्हते. पण निघताना मागच्या काचेतून मी पाहिलं होतं. फुटपाथच्या कट्ट्यावर दोघं बसले होते, मधे बॅग, बॅगेवर कागद. वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदाचं एक टोक सुहासनं धरलं होतं. तो एका ठिकाणी बोट ठेवून जोरजोरात मान हलवत होता. नाही, हे अजून पटलं नाही. आणि चौगुले मॅडम पेन शोधत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.